मायकल होल्डिंग: चाहत्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होल्डिंगचा विषय निघाला की समोरचा माणूस दोनपैकी एका पिढीचा निघतो. एका पिढीला तो साइटस्क्रीनच्या पायथ्यापासून धावत येणारा गोलंदाज म्हणून आठवतो. दुसरीला तो फक्त आवाज म्हणून ठाऊक असतो, इंग्लंडमधल्या सामन्यांत रात्री उशिरापर्यंत ऐकू येणारा खोल, संथ, जमैकन वळणाचा आवाज. दोघांचे प्रश्न वेगळे. घरात, मैदानावर, लोकलच्या डब्यात मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

दोन ओळींत सांगा, कोण हा होल्डिंग?

मायकल अँथनी होल्डिंग, जन्म १६ फेब्रुवारी १९५४, किंग्स्टन, जमैका. १९७५ ते १९८७ या काळात वेस्ट इंडीजकडून ६० कसोटी, २४९ बळी, सरासरी २३.६८, १०२ एकदिवसीय सामन्यांत १४२ बळी. इंग्लिश कौंटीत लँकेशायर आणि मग बरीच वर्षं डर्बीशायर. त्यानंतर तीन दशकं समालोचन. २०२१ च्या सप्टेंबरात, वयाच्या ६७ व्या वर्षी, समालोचनातूनही निवृत्ती.

तुम्ही कधी 'तो' म्हणता, कधी 'ते'. असं का?

आवडत्या खेळाडूला मराठी माणूस अहो-जाहो करत नाही. सुनील आला, दिलीप आउट झाला, सचिन खेळतोय. ती सलगी आहे, उद्धटपणा नाही. म्हणून चेंडू हातात असलेला होल्डिंग माझ्यासाठी 'तो'. कॉमेंटरी बॉक्समधले, केस पिकलेले, शब्द तोलून बोलणारे होल्डिंग 'ते'. माणूस एकच, पण माझी जीभ या दोन ठिकाणी आपोआप वेगळी वळते, आणि मी ती अडवत नाही.

'व्हिस्परिंग डेथ' हे नाव कसं पडलं?

पंचांमुळे. वेगवान गोलंदाज धावत आला की गोलंदाजीच्या टोकाला उभ्या असलेल्या पंचाला बुटांची धपधप आणि धापा आधी ऐकू येतात. होल्डिंगचं काहीच ऐकू यायचं नाही. येतोय की नाही हे बघायला पंचाला मान वळवावी लागायची, तोवर तो शेजारून निघून गेलेला असायचा. इंग्लंडचे पंच डिकी बर्ड यांच्या नावावर हे टोपणनाव सांगितलं जातं. कुजबुजत येणारा मृत्यू. ऐकायला भडक वाटतं, पण त्यात कुजबूज हाच शब्द महत्त्वाचा आहे.

त्याच्या रन-अपचं एवढं काय कौतुक?

१९८३ च्या नोव्हेंबरात मी दहा वर्षांचा होतो आणि काकांबरोबर वानखेडेवर भारत-वेस्ट इंडीज कसोटी बघायला गेलो होतो. त्या डावात वेंगसरकरनं शतक काढलं. पण मला शतकापेक्षा काकांचे हात आठवतात. त्यांच्या मांडीवर शेंगांचा कागद होता. वेस्ट इंडीजचा दुसरा वेगवान गोलंदाज मार्शल टाकायला आला की ते शेंगा सोलत राहायचे, बोलत राहायचे. होल्डिंग वळला की हात थांबायचे. टरफल अर्धवट फुटलेलं, दाणा आतच. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला की मग पुढचा 'कट्' असा आवाज. आजूबाजूच्या बऱ्याच लोकांचं तसंच होत होतं. इतकी माणसं एका माणसाच्या नुसत्या धावण्यासाठी श्वास रोखतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता कारण. होल्डिंग शाळकरी वयात ४०० मीटर धावायचा. ती शर्यत नुसत्या ताकदीची नसते; ताकद पुरवून वापरायची असते. त्यामुळे त्याची टाच जमिनीवर आपटत नसे, पाऊल पुढच्या भागावर अलगद पडायचं आणि उचललं जायचं. सुरुवातीची पावलं सावकाश. मग वेग वाढतो, पण नेमका कुठल्या पावलाला वाढला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. खांदे सैल, डोकं किंचित डावी-उजवीकडे डुलतं. पंचाच्या जवळ येताना बहुतेक गोलंदाज एक मोठी उडी घेतात, जोर काढतात, तोंड वाकडं करतात. त्याच्या बाबतीत धावणं आणि टाकणं यांत सांधा दिसतच नाही. हात वर जातो, खाली येतो आणि तिकडे फलंदाजाची बॅट उशिरा खाली आलेली असते.

एक गोष्ट लोक विसरतात. हा लांबलचक रन-अप त्यानं कारकिर्दीभर ठेवला नाही. पुढे अंग जपण्यासाठी त्यानं तो बराच कमी केला. १९८४ च्या नोव्हेंबरात पर्थला ऑस्ट्रेलियाचा डाव ७६ धावांत आटोपला, होल्डिंगचे २१ धावांत ६ बळी, आणि तेही छोट्या रन-अपवरून. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर तो पुन्हा मागे, जुन्या खुणेपर्यंत गेला. तिथे ४३ धावांत ५ बळी घेतले.

वेग नक्की किती होता?

तेव्हा प्रत्येक चेंडूचा वेग पडद्यावर येत नव्हता. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात वेग मोजण्याची एक स्पर्धा झाली, तीत जेफ थॉमसन ताशी १४७.९ किलोमीटर, होल्डिंग १४१.३, इम्रान खान १३९.७ असे आकडे आले. हा एका दिवसाचा, एका स्पर्धेचा हिशोब. भर सामन्यात, प्रेक्षक पेटलेले असताना त्यानं टाकलेल्या चेंडूंना हा आकडा लावू नका.

१९७६ ची ओव्हल कसोटी एवढी मोठी का मानतात?

कारण त्या खेळपट्टीवर वेगवान गोलंदाजानं बळी घेणं जवळजवळ अशक्य होतं. इंग्लंडमध्ये त्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला होता. मैदान तपकिरी, भाजून निघालेलं, खेळपट्टी निर्जीव. वेस्ट इंडीजनं ८ बाद ६८७ वर डाव घोषित केला, त्यात रिचर्ड्सच्या २९१. इंग्लंडनंही ४३५ केल्या, डेनिस अॅमिसच्या २०३. फलंदाजांनी अशी लूट केलेल्या सामन्यात २२ वर्षांच्या होल्डिंगनं पहिल्या डावात ९२ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५७ धावांत ६ बळी घेतले. १४९ धावांत १४. वेस्ट इंडीजच्या कुठल्याही गोलंदाजाची कसोटीतली ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी.

कसं केलं? खेळपट्टीकडून काही मिळणार नाही हे ओळखून त्यानं खेळपट्टीलाच बाजूला काढलं. चेंडू पुढे टाकला, सरळ टाकला, तुफान वेगानं टाकला. १४ पैकी १२ फलंदाज त्रिफळाचीत किंवा पायचीत. झेल घेणाऱ्यांना फारसं कामच ठेवलं नाही. माझ्या मते वेगवान गोलंदाजीत याहून स्वच्छ विचार कुणी केलेला नाही.

या सामन्याला एक पार्श्वभूमीही होती. इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला. मालिकेआधी त्यानं टीव्हीवर सांगितलं होतं की वेस्ट इंडीजला आम्ही लोटांगण घालायला लावू. वर्णभेदाच्या देशातून आलेल्या गोऱ्या माणसानं कृष्णवर्णीय संघाबद्दल असं बोलणं काय असतं, हे वेगळं सांगायला नको. ओव्हलवर दोन्ही डावांत ग्रेगची दांडी होल्डिंगनंच उडवली. मालिका ३-० अशी गेली. शेवटी ग्रेगनं स्वतः हातापायांवर रांगत वेस्ट इंडियन प्रेक्षकांपुढे ते लोटांगण घातलं. चूक कबूल करायला तो लाजला नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं.

बॉयकॉटला टाकलेलं 'ते षटक' काय होतं?

ब्रिजटाउन, बार्बाडोस, मार्च १९८१. इंग्लंडच्या सलामीला जेफ्री बॉयकॉट, वय ४०, तंत्रात जगातल्या सगळ्यांत पक्क्या फलंदाजांपैकी एक. होल्डिंगचं पहिलं षटक. पहिला चेंडू ग्लोव्हजला लागून स्लिपच्या अलीकडे पडला. पुढचे चार कसेबसे निभावले, दर वेळी किंचित आणखी वेग. सहावा चेंडू बाकीच्यांहून पुढे पडला आणि ऑफ स्टंप जमिनीतून उपटून कोलांट्या घेत मागे गेला. बॉयकॉट शून्यावर बाद.

त्या मैदानावर उठलेला आवाज चित्रफितीतही अंगावर येतो. पण माझं लक्ष दर वेळी बॉयकॉटकडे जातं. तो मागे वळून बघतो, क्षणभर उभा राहतो आणि निघतो. तोंडावर चीड नाही. याच बॉयकॉटनं त्याच मालिकेत पुढे अँटिग्वाला नाबाद १०४ केल्या, म्हणजे मोडलेला माणूस नव्हता तो. त्या सहा चेंडूंपुरता त्याच्याकडे इलाज नव्हता, एवढंच.

किंग्स्टनला १९७६ मध्ये त्यानं आपल्या भारतीय खेळाडूंना जखमी केलं. तरी त्याचं कौतुक कसं करता?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा, आणि बहुधा माझ्याहून मोठ्या माणसांनी विचारला आहे. त्याला बगल देणार नाही.

आधी घडलेलं नीट सांगतो. १९७५-७६ मध्ये कर्णधार क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडीज संघ ऑस्ट्रेलियात ५-१ असा हरून आला. लिली आणि थॉमसन या वेगवान जोडीनं त्यांना झोडपून काढलं होतं. होल्डिंगची ती पहिलीच मालिका. सिडनीत इयन चॅपलच्या बॅटची कड लागून झेल गेला, पंचांनी नाबाद दिलं, तेव्हा हा पोरगा मैदानातच बसून रडला. त्यानंतर भारत वेस्ट इंडीजला गेला. पोर्ट ऑफ स्पेनला लॉइडनं तीन फिरकीपटू खेळवले आणि भारतानं चौथ्या डावात ४०३ चं लक्ष्य गाठलं. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर ८५. लॉइड संतापला. पुढची, शेवटची कसोटी किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर, होल्डिंगच्या घरच्या मैदानावर, एका टोकाला बेभरवशाचा चेंडू उसळवणाऱ्या खेळपट्टीवर.

गावसकर आणि अंशुमन गायकवाड यांनी १३६ ची सलामी दिली. मग वेस्ट इंडीजनं अंगावर मारा सुरू केला. राउंड द विकेट, आखूड टप्पा, चेंडूमागून चेंडू. गायकवाड ८१ पर्यंत हटला नाही, शेवटी कानावर चेंडू लागून रुग्णालयात गेला. विश्वनाथचं बोट मोडलं. ब्रिजेश पटेलचं तोंड फुटलं. आपले कर्णधार बेदींनी ६ बाद ३०६ वर डाव घोषित केला, पुढची माणसं त्या माऱ्यापुढे पाठवायची नव्हती म्हणून. दुसऱ्या डावात ५ बाद ९७ वर भारताचा डाव संपला, कारण खेळायला कुणी उरलंच नव्हतं. दौऱ्यावर गेलेल्या सगळ्या १७ जणांना कधी ना कधी क्षेत्ररक्षणाला उतरावं लागलं. हेल्मेट तेव्हा नव्हती. एका षटकात किती बाउन्सर टाकायचे याला बंधन नव्हतं. ते १९९१ मध्ये आलं. गावसकरनं १९७६ मध्येच आलेल्या आत्मचरित्रात तिथल्या प्रेक्षकांबद्दल अत्यंत कडक शब्द वापरले आणि मला ते समजू शकतात. जखमी होणारा प्रत्येक जण त्याच्या ड्रेसिंग रूममधला होता.

माझं मत असं. त्या दिवशी जे झालं ते नियमात बसत होतं आणि तरीही चुकीचं होतं. पंचांनी थांबवायला हवं होतं, कर्णधारानं आवरायला हवं होतं. होल्डिंग त्यात होता, २२ वर्षांचा होता, आणि त्याच्या हातून गेलेल्या चेंडूंची जबाबदारी त्याचीही आहे. हे मान्य करून मी त्याचा चाहता आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी त्यानं ओव्हलवर सिद्ध केलं की फलंदाजाचं अंग फोडल्याशिवायही सगळे बळी मिळवता येतात. माझ्यासाठी होल्डिंग म्हणजे ती ओव्हलची गोलंदाजी.

आणि गायकवाडचं कौतुक केल्याशिवाय होल्डिंगचं कौतुक पुरं होत नाही. मुंबईत जन्मलेला, बडोद्याकडून खेळलेला हा माणूस ३१ जुलै २०२४ ला गेला. त्या दिवशी मी ते ८१ धावांचं धावफलक पुन्हा काढून बघितलं. 'जखमी होऊन निवृत्त' हे शब्द इतके साधे छापलेले असतात.

भारतात आणि भारताविरुद्ध बाकी कामगिरी?

१९८३ हे वर्ष पुरेसं आहे. २५ जूनला लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना: होल्डिंगनं ९.४ षटकांत २६ धावा देऊन २ बळी घेतले, त्यांतला एक मोहिंदर अमरनाथ, त्रिफळाचीत. काही तासांनी शेवटचा फलंदाज म्हणून होल्डिंग मोहिंदरच्याच गोलंदाजीवर पायचीत झाला आणि प्रेक्षक मैदानात घुसले. प्रत्येक भारतीयानं शेकडो वेळा पाहिलेल्या त्या दृश्यात पॅड बांधलेला तो उंच माणूस म्हणजे होल्डिंग.

मग हिवाळ्यात तो संघ सूड घ्यायलाच भारतात आला. सहा कसोटींत मार्शलचे ३३ आणि होल्डिंगचे ३० बळी. आपल्या निर्जीव खेळपट्ट्यांवर परक्या वेगवान गोलंदाजांनी एवढे बळी! दिल्लीत मात्र गावसकरनं या दोघांना हूक करत ९४ चेंडूंत शतक केलं आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी साधली. तोवर डोक्यावर हेल्मेट घालायची सोय झालेली होती, पण यानं घातलं नव्हतं.

त्यानं स्टंपला लाथ मारली होती, हे खरं?

खरं. फेब्रुवारी १९८०, ड्युनेडिन, न्यूझीलंड. जॉन पार्करचा यष्टिमागे झेल गेला, पंचांनी बाद दिलं नाही, होल्डिंगनं पुढे येऊन फलंदाजाच्या टोकाचे स्टंप लाथेनं उडवले. छायाचित्रात पाय इतका उंच आणि डौलदार आहे की लोक ते फोटो भिंतीवर लावतात. मी लावणार नाही. ते वागणं वाईट होतं.

फलंदाजी?

तळाचा फलंदाज, कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या ७३, षटकार मात्र मनापासून मारायचा. पण त्याची माझी सर्वांत आवडती खेळी नाबाद १२ ची आहे. ३१ मे १९८४, ओल्ड ट्रॅफर्ड, वेस्ट इंडीज ९ बाद १६६. तिथून रिचर्ड्स आणि होल्डिंगनं १०६ ची अभेद्य भागी केली. रिचर्ड्स नाबाद १८९. दुसऱ्या टोकाला सगळा वेळ उभं राहणं, एवढंच काम होतं आणि त्यानं ते केलं.

दक्षिण आफ्रिकेच्या बंडखोर दौऱ्यावर गेला होता का?

नाही. १९८३ मध्ये वर्णभेदी राजवटीनं वेस्ट इंडियन खेळाडूंपुढे मोठ्या रकमा ठेवल्या. बरेच जण गेले, त्यांतल्या काहींची घरची परिस्थिती खरोखर बिकट होती. होल्डिंगनं नकार दिला आणि उघडपणे विरोध केला. २०२० मध्ये ते वंशभेदाबद्दल जे बोलले (त्याबद्दल पुढे) ते अचानक सुचलेलं नव्हतं, हे यावरून कळतं.

समालोचनाकडे कसे वळले?

क्रिकेटबाहेरचं काम त्यांना नवं नव्हतं. तरुणपणी ते कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होते आणि निवृत्तीनंतर किंग्स्टनमध्ये त्यांचा पेट्रोल पंपही होता. समालोचन आधी कॅरिबियनमध्ये, मग इंग्लंडच्या स्काय वाहिनीवर दोन दशकांहून अधिक.

त्यांच्या समालोचनात वेगळं काय होतं?

ते गप्प बसायचे. ही तक्रार नाही, स्तुती आहे. चेंडू टाकला, फलंदाजानं सोडला, यष्टिरक्षकानं घेतला, यात सांगण्यासारखं काही नसेल तर होल्डिंग काही सांगत नसत. मैदानावरचा गलका, टाळ्या, बॅटीचा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचू देत. मग तीन षटकांनी एक वाक्य: गोलंदाजाचं मनगट चेंडूच्या मागे नाही. तुम्ही पुढचा चेंडू बघता आणि खरंच नसतं.

आपल्याकडे बाळ ज. पंडितांचं आकाशवाणीवरचं मराठी समालोचन ऐकून वाढलेले लोक अजून आहेत. रेडिओवर थांबता येत नाही, सगळं चित्र शब्दांनीच उभं करायचं असतं आणि पंडित ते ओघवत्या मराठीत करत. टीव्हीचं काम उलटं आहे: चित्र समोर आहे, त्याच्या आड यायचं नाही. होल्डिंगना हे पुरतं कळलं होतं. त्यांच्या रन-अपमध्ये एकही फुकट पाऊल नव्हतं, बोलण्यात एकही फुकट शब्द नव्हता. मला तर हा एकच गुण वाटतो, आधी पायांत असलेला आणि नंतर जिभेवर आलेला.

दुसरं, वेगवान गोलंदाज चुकला तर त्यांना राग यायचा आणि तो लपायचा नाही. वेस्ट इंडीजचा गोलंदाज नो-बॉल टाकायला लागला की आवाज आणखी खाली, आणखी संथ व्हायचा. घरातली वडीलधारी माणसं अशी रागावतात.

तिसरं, ते हळवे होते. २०१० च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानचं स्पॉट-फिक्सिंग उघड झालं. १८ वर्षांच्या मोहम्मद आमिरबद्दल बोलताना थेट प्रक्षेपणात त्यांचा गळा दाटून आला. बाकीचे गुन्ह्याबद्दल बोलत होते. त्यांना वाया जाणारा गोलंदाज दिसत होता.

उच्चार कळत नाहीत, काय करू?

पहिले दोन दिवस कळणार नाहीत. जमैकन बोलण्याला स्वतःची लय आहे, शब्दांच्या शेवटाकडे आवाज गाण्यासारखा उतरतो. शब्द पकडायला जाऊ नका, वाक्याची चाल पकडा. ते सावकाश बोलतात ही मोठी सोय आहे. माझ्या आईला इंग्रजी जेमतेम यायचं, पण कोण बोलतंय हे ती आवाजावरून ओळखायची आणि त्यांचं ऐकून 'आता विकेट पडणार' असं सांगायची. बऱ्याचदा पडायचीही.

आयपीएलच्या समालोचनात का नसायचे?

त्यांना टी-२० क्रिकेट वाटतच नाही. २०२१ मध्ये एका भारतीय वृत्तपत्रानं हेच विचारलं, तेव्हा मी फक्त क्रिकेटचं समालोचन करतो, असं उत्तर त्यांनी दिलं. टी-२० च्या पैशामुळे वेस्ट इंडीजसारख्या गरीब मंडळांचे खेळाडू कसोटीपासून दुरावतात ही त्यांची खरी तक्रार. मी स्वतः आयपीएल बघतो, आवडीनं बघतो. पण त्यांच्या तक्रारीला माझ्याकडे उत्तर नाही.

अधिकाऱ्यांशी भांडण झालं होतं म्हणतात?

दोनदा तरी. २००६ च्या ओव्हल कसोटीत पाकिस्ताननं मैदानावर यायला नकार दिला आणि सामना इंग्लंडला बहाल झाला. २००८ मध्ये आयसीसीनं तो निकाल बदलून अनिर्णित केला, तेव्हा होल्डिंगनी आयसीसीच्या क्रिकेट समितीचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी निकाल पुन्हा मूळपदावर आणला गेला. दुसऱ्यांदा, २०१९ च्या विश्वचषकात वेस्ट इंडीज-ऑस्ट्रेलिया सामन्यातल्या पंचगिरीवर त्यांनी थेट टीका केली. प्रक्षेपण करणाऱ्यांकडून सबुरीनं घ्या असा ई-मेल आला. त्यांनी उलट लिहिलं की असं वाईट काम करणाऱ्या पंचांना पाठीशी घालणं मला जमणार नाही.

८ जुलै २०२० ला काय झालं?

कोरोनामुळे थांबलेलं आंतरराष्ट्रीय क्रिकेट त्या दिवशी साउथॅम्प्टनला पुन्हा सुरू होणार होतं, इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडीज. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या होऊन सहा आठवडे झाले होते. पाऊस आला, खेळ लांबला आणि स्कायवर होल्डिंग व इंग्लंडची माजी खेळाडू एबनी रेनफर्ड-ब्रेंट वंशभेदाबद्दल बोलले.

होल्डिंग बोलले ते शिक्षणाबद्दल. ते म्हणाले, दिव्याचा शोध म्हटलं की शाळेत एडिसन शिकवतात. पण कागदी फिलामेंट लगेच जळून जायचं, तो दिवा टिकाऊ करणारं कार्बन फिलामेंट लुइस लॅटिमर या कृष्णवर्णीय माणसानं केलं, आणि त्याचं नाव कुठल्या शाळेत सांगतात? इतिहास जिंकणारा लिहितो, हरणारा नाही. आवाज चढवलेला नाही. ओव्हलवरचा मारा आठवावा इतकं सरळ.

दुसऱ्या दिवशी एका बातमीच्या कार्यक्रमात ते आईवडिलांबद्दल बोलायला लागले आणि रडले. वडील फार काळे म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. 'गोरी वधू पाहिजे' अशा जाहिराती वाचत वाढलेल्या आपल्याला हे समजायला भाषांतराची गरज नाही. माहेरचं दार बंद झालेल्या बायका आपल्याही ओळखीत आहेत, कारण तिथे रंग आणि इथे जात.

त्याच विषयावरच्या त्यांच्या पुस्तकाला २०२१ चा विल्यम हिल क्रीडा पुस्तक पुरस्कार मिळाला.

क्रिकेटखेरीज काय आवडतं?

घोड्यांच्या शर्यती. इंग्लंडमध्ये असताना ते न्यूमार्केटला राहायचे, घोड्यांच्या गावात. बार्बाडोसमध्ये जन्मलेले नामवंत प्रशिक्षक सर मायकल स्टाउट त्यांचे मित्र. सुंदर धावणाऱ्या माणसाला सुंदर धावणारं जनावर आवडावं, यात आश्चर्य नाही.

मुलांना दाखवायचं तर कुठून सुरुवात करू?

आधी बॉयकॉटचं षटक, सहाच चेंडू आहेत. पहिल्यांदा नुसतं बघू द्या. दुसऱ्यांदा फक्त होल्डिंगचे पाय. तिसऱ्यांदा यष्टिरक्षक किती मागे उभा आहे ते दाखवा. मुलं गल्लीत क्रिकेट खेळत असतील तर तेवढी पावलं मोजायला सांगा, गल्ली संपेल. मग १९७६ चं ओव्हल, आणि त्यात मैदानाच्या रंगाकडे लक्ष द्यायला सांगा.

साउथॅम्प्टनचं बोलणं मुलं दहा-बारा वर्षांची झाली की दाखवा, शेजारी बसून. मध्ये ते थांबतात, तेव्हा बंद पडलं असं समजून पुढे ढकलू नका.